फुप्फुसातला पाहुणा

महाडहून भोरकडे जाणारा रस्ता वरंध घाट चढू लागतो, त्याच्या आधी डोंगरांच्या कुशीत शिवथरचे खोरे आहे. समर्थ रामदासांनी दासबोध जेथे सांगितला असे मानतात, ती घळ याच खोऱ्यात. धुळ्याच्या शंकरराव देवांनी १९३० साली ती शोधून काढली, आणि तेव्हापासून श्रावण-भाद्रपदात घळीच्या तोंडावर कोसळणारा धबधबा पाहायला मंडळी जातात, भिजतात, दर्शन घेतात आणि परततात. परतताना एखाद्याने मागे वळून पाहिले तर घरांच्या कौलांतून झिरपणारा निळसर धूर त्याला दिसेल. ओली लाकडे, बंद खिडक्या, बाहेर संततधार. त्या धुरात एक बाई फुंकणीने चूल फुंकत असते. शहरातल्या पाहुण्याला तो धूर मोठा रम्य वाटतो. वाटणारच, तो त्याच्या छातीत जात नाही.

अशी एक साठीची बाई क्षणभर डोळ्यांपुढे आणू या. तिने जन्मात विडी ओढलेली नाही. दम्याचा वारसा घरात नाही. पण अलीकडे पाण्याची कळशी घेऊन चढण चढताना तिला मध्ये दोनदा टेकावे लागते. मुलगा तिला तालुक्याला नेतो. छातीचे क्ष-किरण चित्र निघते. डॉक्टर ते उजेडासमोर धरून म्हणतात, ‘‘काही नाही मावशी, छाती स्वच्छ आहे. वय झालं आता.’’ मावशी मान डोलावतात, परत येतात आणि पुन्हा चुलीपुढे बसतात.

यात डॉक्टरांची लबाडी नाही आणि मावशींचे ढोंगही नाही. चित्र खरेच स्वच्छ असते, आणि दमही खरेच लागत असतो. ही दोन्ही सत्ये एका छातीत कशी नांदतात, आणि गेल्या तीस वर्षांत शास्त्रज्ञांनी लोहचुंबक, लेसर आणि हवेतला एक दुर्मिळ वायू यांची मोट बांधून त्यांचा छडा कसा लावला, ती हकीगत आज सांगायची आहे. तिच्यात आपल्या मुंबईचाही एक धागा आहे, तो पुढे येईलच.

विडी न ओढणाऱ्यांचा विकार

श्वासनलिका हळूहळू अरुंद होत जाणे आणि फुप्फुसातले हवेचे सूक्ष्म फुगे फाटून एकमेकांत मिसळणे या दोहोंच्या जोडगोळीला डॉक्टर ‘सी.ओ.पी.डी.’ म्हणतात. हा रोग धूम्रपान करणाऱ्यांचा, असे वैद्यकीय पुस्तके वर्षानुवर्षे सांगत आली. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एक निबंध लिहून या समजुतीला चांगलाच धक्का दिला. या रोगाच्या शंभर रुग्णांपैकी पंचवीस ते पंचेचाळीस जणांनी कधीही धूम्रपान केलेले नसते, असा अंदाज त्यांनी मांडला. जगात विडी-सिगारेट ओढणारे तेव्हा सुमारे शंभर कोटी, तर लाकूड, गोवऱ्या, काटक्या यांच्या धुरात जगणारे सुमारे तीनशे कोटी! हिशेब सोपा आहे, पण तो मांडायला पुण्याचा डॉक्टर लागला. ज्यांच्या देशात गॅसच घरोघर होता त्यांना चूल आठवणार कशी?

भारतात या रोगाचे रुग्ण १९९० साली सुमारे २ कोटी ८१ लाख होते; २०१६ साली ते सुमारे ५ कोटी ५३ लाख झाले. ‘उज्ज्वला’ योजनेचा गॅस २०१६ पासून अनेक घरांत गेला ही चांगली गोष्ट. पण सिलिंडर संपला आणि पुढचा परवडला नाही की कोपऱ्यातली चूल पुन्हा पेटते, हे गावाकडे नाते असलेल्या कोणालाही सांगायला नको. शिवाय तीस-चाळीस वर्षांचा धूर आधीच छातीत जाऊन बसलेला असतो, त्याचे काय? दादरच्या किंवा सदाशिव पेठेच्या घरात आज सुनेजवळ राहायला आलेल्या कितीतरी आजींच्या छातीत कोकणातली किंवा देशावरची एक चूल अजून धुमसते आहे.

आता दिवाळीचा अंक हातात आहे म्हणून एक कडू गोष्ट जाता जाता सांगून टाकतो. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने २०१६ साली निरनिराळ्या फटाक्यांच्या धुरातले सूक्ष्म कण मोजले. सगळ्यांत जास्त कण कशातून निघावेत? बॉम्बमधून नव्हे, हजाराच्या माळेतूनही नव्हे. आवाज न करणाऱ्या, लहान मुलांच्या हातात बिनघोर दिल्या जाणाऱ्या काळ्या नागगोळीतून! ती पाहायला मूल खाली वाकते आणि तोंड धुरात घालते. यंदा ती पिशवीतून काढून ठेवली तर कोणाचा आनंद फारसा कमी होईल असे वाटत नाही.

स्वच्छ चित्राचे गूढ

फुप्फुस म्हणजे फुगा, असे आपण शाळेत शिकतो. ते तितके खरे नाही. ते जाळीदार अनारशासारखे आहे. श्वासनलिका दुभागते, पुन्हा दुभागते, असे वीसांहून अधिक वेळा होते आणि शेवटी कोट्यवधी सूक्ष्म फुग्यांपाशी येऊन थांबते. हे फुगे उलगडून पसरले तर बॅडमिंटनच्या एका मैदानाएवढी, म्हणजे सत्तर चौरस मीटरच्या आसपास जागा भरेल. एवढे मैदान देवाने बरगड्यांच्या पिंजऱ्यात घडी घालून ठेवले आहे.

चुलीचा धूर पहिला घाव घालतो तो दोन मिलिमीटरपेक्षा बारीक नळ्यांवर. या नळ्या संख्येने इतक्या असतात की त्यांतल्या पुष्कळ बुजल्या तरी एकूण हवेच्या वाटेला फारसा अडथळा जाणवत नाही. म्हणून १९७० साली जेरे मीड या शास्त्रज्ञाने या भागाला फुप्फुसाचा ‘मूक प्रदेश’ म्हटले. तो प्रदेश बोलू लागतो तेव्हा बरेच काही हातचे गेलेले असते.

क्ष-किरणांना हाड दिसते, क्षयाचा डाग दिसतो, न्यूमोनियाचा ढग दिसतो. केसाएवढी नळी बुजली आहे की उघडी, हे दिसत नाही. हाउन्सफील्डच्या सी.टी. यंत्राने १९७१ पासून शरीराचे काप पाहण्याची सोय केली आणि फुप्फुसाची रचना आज तेच यंत्र सर्वांत बारकाईने दाखवते. पण त्यालाही दोन मर्यादा आहेत. एक, त्यात क्ष-किरणांची मात्रा छातीच्या साध्या चित्रापेक्षा कित्येक पटींनी जास्त जाते. अलीकडची यंत्रे ती पुष्कळ कमी करतात हे खरे, पण लहान मुलाला दर सहा महिन्यांनी त्यात घालावे असे कोणालाही वाटणार नाही. दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. सी.टी. घराचा नकाशा काढते. घरात वारा खेळतो की नाही हे सांगत नाही.

उरली फुंकण्याची तपासणी, स्पायरोमेट्री. जॉन हचिन्सनने १८४६ साली सुरू केलेली ही तपासणी स्वस्त आहे, उत्तम आहे आणि आपल्याकडे जितकी व्हायला हवी त्याच्या पासंगालाही पुरत नाही. मावशींना तालुक्याच्या दवाखान्यात पहिल्यांदा हीच करायला हवी होती, चित्र नंतर. पण तिचा दोष असा की ती दोन्ही फुप्फुसांची मिळून एकच बेरीज सांगते. शंभर खोल्यांच्या वाड्यात किती खोल्यांत वारा येत नाही, आणि त्या कोठल्या, हे दारातून कळत नाही.

चुंबकाची नजर आणि तिची अडचण

मग एम.आर.आय.? गुडघ्याचा, मणक्याचा, मेंदूचा एम.आर.आय. आता घरोघरच्या बोलण्यात आला आहे. छातीचा का ऐकू येत नाही?

त्यासाठी यंत्राचे मर्म थोडे समजून घ्यावे लागेल. आपले शरीर निम्म्याहून अधिक पाणी आहे आणि पाण्याच्या प्रत्येक कणात हायड्रोजनचे दोन अणू आहेत. प्रत्येक हायड्रोजनचा गाभा म्हणजे एक चिमुकला फिरता भोवरा, आणि त्याचबरोबर एक चिमुकला चुंबक. एरवी हे भोवरे जत्रेतल्या गर्दीसारखे वाटेल तिकडे तोंड करून असतात. रुग्णालयातले नेहमीचे यंत्र दीड टेस्लाचे, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट. त्यात माणूस गेला की भोवरे चुंबकाच्या दिशेने कलतात. सगळे नव्हेत बरे का! अर्धे इकडे, अर्धे तिकडे, आणि फरक उरतो तो दहा लाखांत जेमतेम पाचांचा. या पाचांच्या जोरावर सगळा कारभार चालतो. त्यांना रेडिओच्या लहरींनी धक्का द्यायचा. ते डगमगतात आणि सावरताना स्वतःच एक क्षीण रेडिओ-लहर सोडतात. दीड टेस्लाला तिची कंपनसंख्या सेकंदाला सुमारे सहा कोटी चाळीस लाख भरते. ती ऐकायची, कोठून आली ते गणिताने काढायचे, की चित्र तयार.

हे ‘अनुस्पंदन’ १९४६ साली हार्वर्डला पर्सेल आणि स्टॅनफर्डला ब्लॉख यांनी स्वतंत्रपणे दाखवले. १९५२ चे नोबेल दोघांना मिळाले. त्यातून चित्र काढण्याची युक्ती पॉल लॉटरबरने १९७३ साली छापली. ‘नेचर’ने तो निबंध आधी परत पाठवला होता! इंग्लंडात नॉटिंगहॅमच्या पीटर मॅन्सफील्डने चित्र झटपट काढण्याचे गणित बसवले. दोघांना २००३ साली नोबेल मिळाले. तिसरा दावेदार होता रेमंड डमॅडियन. नोबेल आपल्याला नाकारले गेले म्हणून त्याने मोठमोठ्या वृत्तपत्रांत पूर्ण पानाच्या जाहिराती दिल्या. माणूस तापट खरा, पण त्याचे काम खोटे नव्हते. जिवंत माणसाच्या धडाचे पहिले चित्र त्याच्याच यंत्राने ३ जुलै १९७७ रोजी काढले. आधी तो स्वतः आत बसून पाहिला होता, पण अंगाने भारी असल्याने संकेत मिळेना. तेव्हा त्याने एका सडपातळ सहकाऱ्याला बसवले. जवळजवळ पाच तास लागले. आणि गंमत पाहा, ते चित्र छातीचेच होते. जी छाती या यंत्राने पहिल्यांदा पाहिली, तीच त्याला सर्वांत अवघड ठरली.

कारण उघड आहे. यंत्र पाणी शोधते आणि फुप्फुसात असते हवा. अनारशात पीठ किती आणि पोकळी किती! शिवाय जेथे हवा आणि मांस यांची सीमा येते तेथे चुंबकक्षेत्र किंचित बिघडते. आणि फुप्फुसात तर कोट्यवधी सीमा. त्यामुळे भोवऱ्यांचा सूर दोन-एक हजारांश सेकंदांत विस्कटून जातो. यंत्र कान देईपर्यंत गाणे संपलेले! त्यातून छाती वरखाली होते, मध्ये हृदय धडधडते. या सगळ्यामुळे जुन्या एम.आर.आय. चित्रांत फुप्फुसाच्या जागी दोन काळे डोह दिसत आणि डॉक्टर तिकडे पाहत नसत.

यावर एक मार्ग म्हणजे कान लवकर देणे. सूर विस्कटण्याआधीच, हजारांश सेकंदाच्याही अंशात संकेत टिपण्याच्या रीती आता आहेत. दुसरा मार्ग उलटा वाटेल असा आहे. मोठ्यांतले मोठे चुंबक घेण्याची जगभर चढाओढ चालू असताना अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या मंडळींनी २०१९ साली मुद्दाम चुंबक कमजोर केले, दीड टेस्लावरून ०.५५ वर आणले. चुंबक कमजोर, म्हणून सीमेवरचा बिघाडही कमी. फुप्फुस अधिक स्वच्छ दिसले. मोठे ते चांगले, हा नियम येथे तरी लागू पडला नाही.

पण खरा चमत्कार तिसऱ्या मार्गाने झाला. हवा दिसत नाही ना? मग दिसणारी हवाच आत पाठवा.

परका म्हणून आला

रॅम्से आणि ट्रॅव्हर्स यांनी १८९८ साली हवेतून एक नवा वायू वेगळा काढला. ‘परका’, ‘पाहुणा’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला नाव दिले झेनॉन. हवेच्या सुमारे एक कोटी पंधरा लाख भागांत त्याचा एक भाग. तो कोणाशी सहसा संयोग पावत नाही. आला तसा जातो. आदर्श पाहुणाच म्हणा ना!

झेनॉनच्या एका प्रकाराचा गाभा, १२९ भारांकाचा, हासुद्धा भोवऱ्यासारखा चुंबक आहे. पण वायू विरळ आणि दहा लाखांत जेमतेम एक-दोघांची शिस्त, तर त्याचा आवाज ऐकू येणार कसा? यासाठी रुबिडियम धातूची वाफ घेतात. तिच्यावर विशिष्ट रंगाचा, विशिष्ट पद्धतीने पिळलेला लेसर-प्रकाश सोडतात. प्रकाशाने अणूंना अशी कवायत शिकवण्याची कल्पना फ्रान्सच्या काश्त्लेरची. त्याला १९६६ चे नोबेल मिळाले. रुबिडियम प्रकाशाकडून कवायत शिकते आणि झेनॉनशी टकरा घेत घेत त्याला शिकवते. थोड्या वेळाने झेनॉनच्या शंभर अणूंपैकी वीस-तीस एका दिशेला तोंड करून उभे! कोठे दहा लाखांत एक-दोन, आणि कोठे शंभरात वीस.

१९९४ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी असा शिकवलेला झेनॉन उंदराच्या फुप्फुसात भरून पहिले चित्र ‘नेचर’मध्ये छापले. माणसांवर प्रथम हेलियमचा एक दुर्मिळ प्रकार वापरला गेला, १९९६ च्या सुमारास. त्याची चित्रे फार सुरेख येत. पण तो हेलियम मिळतो अणुबॉम्बसाठी साठवलेल्या ट्रिशियमच्या ऱ्हासातून! पुढे सीमेवर चोरटी किरणोत्सारी द्रव्ये पकडणाऱ्या यंत्रांसाठी त्याची मागणी वाढली, साठा आटला आणि शास्त्रज्ञ झेनॉनकडे परत वळले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०२२ मध्ये फुप्फुसाच्या तपासणीसाठी त्याला परवानगी दिली.

रुग्णाला काय करावे लागते? प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक श्वास घ्यायचा आणि दहा-पंधरा सेकंद रोखून धरायचा. बस्स. झेनॉन जास्त प्रमाणात गुंगी आणतो, म्हणून क्षणभर डोके हलके वाटते, आणि पुढच्या दोन-चार श्वासांत पाहुणा घर सोडून जातो. घाई मात्र करावी लागते. शिकवलेली कवायत फुप्फुसातल्या प्राणवायूच्या सहवासात पंधरा-वीस सेकंदांतच विसरली जाऊ लागते.

चित्र पाहिले की दिवाळीच्या रात्री डोंगरावरून गाव पाहावे तसे वाटते. जेथे झेनॉन पोचला तेथे उजेड; जेथे नळी बुजलेली तेथे काळोख. दम्याच्या रुग्णात हे काळे तुकडे विखुरलेले असतात. औषधाचा फवारा घेऊन पुन्हा चित्र काढले तर कोठली आळी उजळली आणि कोठली तशीच राहिली हे बोट ठेवून दाखवता येते. फुंकण्याच्या बेरजेत न कळणारी गोष्ट ती हीच. दुसरे एक मोजमाप फुग्यांच्या आकाराचे. झेनॉनचे अणू सतत भटकत असतात. लहान खोलीत मूल भिंतीपर्यंत जाऊन परत येते, भिंती पडलेल्या वाड्यात ते लांबवर भटकते. अणू किती भटकला यावरून फुगे शाबूत आहेत की फाटून एक झाले आहेत हे समजते.

मद्यार्काच्या नळीतून निघालेला धागा

आता तो मुंबईचा धागा. १९५१ साली स्टॅनफर्डला ब्लॉखच्या प्रयोगशाळेत अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड या तिघांनी साध्या मद्यार्काची नळी चुंबकात धरली. सगळा हायड्रोजन एकच, तेव्हा संकेतही एकच यावा. आले तीन, आणि तेही तीनास दोनास एक या प्रमाणात! मद्यार्काच्या रेणूत हायड्रोजनचे तीन अणू एका ठिकाणी, दोन दुसऱ्या आणि एक तिसऱ्या ठिकाणी असतो. म्हणजे अणू कोणाच्या शेजारी राहतो यावर त्याचा सूर किंचित बदलतो. असे सूर-बदल दोन-एक वर्षे आधी इतरांना दिसले होते, पण रेणूची रचनाच त्यातून वाचता येते हे या तीन रेघांनी लख्ख दाखवले. रसायनशास्त्रात आज प्रत्येक नव्या औषधाची ओळख याच पद्धतीने पटवतात.

त्यांतले एस. एस. धर्मट्टी पुढे मुंबईला होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. संस्था तेव्हा गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत होती. कुलाब्याच्या नव्या वास्तूचे उद्घाटन व्हायला १९६२ साल उजाडले. त्या दिवसांत धर्मट्टींनी तेथे या विषयाचा गट उभारला. रेडिओचे सुटे भाग जमवून विज्ञान करण्याचा तो काळ. मुंबईच्या किती जणांना हे नाव ठाऊक आहे, हा प्रश्न मी विचारीत नाही. उत्तर मलाही ठाऊक आहे.

आता धागा जुळवून पाहा. फुप्फुसात गेलेला झेनॉन सगळाच हवेत राहत नाही. थोडा फुग्याच्या पातळ पडद्यात विरघळतो, आणि पडदा ओलांडून थोडा रक्तातल्या तांबड्या पेशींत शिरतो. प्राणवायूचा रस्ताही हाच. आणि शेजार बदलला की सूर बदलतो! हवेतला झेनॉन एका सुरात, पडद्यातला दुसऱ्या, तांबड्या पेशींतला तिसऱ्या. पुन्हा तीन रेघा. मद्यार्काच्या नळीत जे दिसले तेच तत्त्व सत्तर वर्षांनी माणसाच्या छातीत प्राणवायूची वाट कोठे अडते हे सांगू लागले. पडदा जाड झाला, जसा तो फुप्फुस कडक होण्याच्या रोगात होतो, तर पडद्याची रेघ वाढते आणि तांबड्या पेशींची खाली येते. फुगे फाटलेले असतील तर दोन्ही खाली.

याचा सर्वांत बोलका प्रत्यय करोनानंतर आला. रुग्णालयातून घरी जाऊन तीन महिने उलटलेल्या, तरी दम लागणाऱ्या नऊ जणांची झेनॉन-तपासणी ऑक्सफर्ड आणि शेफील्डच्या डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केली. सी.टी. चित्रे ठीक किंवा जवळजवळ ठीक होती. झेनॉनने मात्र दाखवले की वायू रक्तात उतरण्याच्या वाटेवरच अडखळतो आहे. नऊ ही संख्या लहान, आणि तिच्यावरून मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण ‘‘तुमच्या मनाचा खेळ आहे’’ असे ऐकत आलेल्या माणसाला आपल्या धापेचे चित्र समोर दिसणे ही काही थोडी गोष्ट नव्हे.

आपल्याला काय?

झेनॉनचे यंत्र महाग, लेसरची सरंजामी वेगळी; त्याचा सूर हायड्रोजनच्या सुरापेक्षा फार खालचा असल्याने एम.आर.आय. यंत्रालाही वेगळा कान बसवावा लागतो. कोपऱ्यावरच्या तपासणी केंद्रात तो मागून मिळणार नाही, आणि मिळाला तरी सर्दी-खोकल्याला तो मागण्यात अर्थ नाही. मला अधिक आशा वाटते ती एका साध्या युक्तीबद्दल. तिला वायू लागत नाही, टोचणे लागत नाही, श्वास रोखावाही लागत नाही. रुग्ण शांतपणे श्वास घेत पडून राहतो आणि नेहमीचे यंत्र मिनिटभर भराभर चित्रे काढते. श्वासाबरोबर फुप्फुसाचा प्रत्येक ठिपका किंचित उजळ-काळा होतो. नाडीच्या ठोक्याबरोबर रक्त येते-जाते तसाही होतो. श्वासाची लय संथ, नाडीची जलद. मैफलीत तंबोरा आणि तबला एकाच वेळी वाजत असले तरी कान ते वेगळे काढतो. तसे गणित हे दोन ताल वेगळे काढते. एका चित्रात वारा कोठे खेळतो ते, दुसऱ्यात रक्त कोठे पोचते ते. जर्मनीत २००९ च्या सुमारास ही रीत निघाली आणि हानोवरच्या मंडळींनी ती पुढे नेली. यात नवे लागते ते मुख्यतः गणित आणि ते चालवणारी माणसे. या दोन्ही बाबतींत आपण दरिद्री नाही.

घरात कोणाला दम लागत असेल तर क्रम मात्र ध्यानात ठेवावा. आधी फुंकण्याची तपासणी. चित्र स्वच्छ आले म्हणून तेथेच थांबू नये. डॉक्टरांना चुलीचा, धूपाचा, डासांच्या वड्यांचा, कारखान्यातल्या धुराचा इतिहास न विचारताही सांगावा, विशेषतः आजींचा. ‘‘मी कधी विडी ओढली नाही’’ एवढ्यावर गोष्ट संपवू नये. एम.आर.आय. केव्हा, हे डॉक्टर ठरवतील.

आणि एम.आर.आय. ठरलाच, तर एक गोष्ट पाठ करून ठेवावी: ते चुंबक रात्रंदिवस चालू असते. यंत्र बंद दिसले तरी चुंबक बंद नसते. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयात नातेवाईक रुग्णाबरोबर गेलेला बत्तीस वर्षांचा तरुण प्राणवायूचा सिलिंडर हातात घेऊन त्या खोलीत शिरला. लोखंडी सिलिंडर चुंबकाने खेचून घेतला, त्याच्यासह तोही ओढला गेला, आणि त्यात त्याचा जीव गेला. छातीच्या रुग्णाबरोबर सिलिंडर असतोच, म्हणून हे सांगणे भाग आहे. चुंबकाला चालणारे सिलिंडर वेगळे असतात. ते तेथल्या माणसांनीच आणावेत. केसांतल्या पिना, चाव्या, मोबाईल, कमरेची साखळी, मंगळसूत्र, सारे बाहेर ठेवावे. हृदयाचा पेसमेकर, कानातले यंत्र, शस्त्रक्रियेतली चिमटी, डोळ्यात कधी गेलेला लोखंडाचा कण, हे आधी सांगावे, दोनदा सांगावे. कोणी घाई करून ‘‘चला, उचला तो सिलिंडर’’ म्हणाला तर नाही म्हणावे.

ही यंत्रे बव्हंशी परदेशातून येतात, आणि त्यांची किंमत शेवटी रुग्णाच्या बिलात उतरते. त्यातही बदल होतो आहे. बंगळूरच्या एका कंपनीने बनवलेले दीड टेस्लाचे यंत्र २०२५ साली आपल्याच चंद्रपूरच्या कर्करोग रुग्णालयात बसले. मुंबईत पवईला आय.आय.टी.च्या आवारात ‘समीर’ ही केंद्र सरकारची संशोधन संस्था आहे; तिने बनवलेल्या दीड टेस्लाच्या यंत्राच्या चाचणीसाठी मार्च २०२५ मध्ये दिल्लीच्या एम्सशी करार झाला. ही ‘समीर’ मुळात जन्मली ती टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या सूक्ष्मलहरींवर काम करणाऱ्या एका विभागातून, म्हणजे धर्मट्टींनी ज्या संस्थेत आपले चुंबक मांडले, त्याच संस्थेतून.